आधी गोणी, मग बॉल: फुटबॉलच्या सरावात किनाऱ्याची सफाई कशी बसवायची

रविवारी सकाळी माहीमच्या रेतीबंदरावर वाळूतून डोकावणारी एखादी चिंधी ओढून बघा. हातभर येते, मग अडते. अजून जोर लावला की कळतं, ही चिंधी नाही, अख्खी साडी आहे. तिच्या पदरात गुटख्याच्या पुड्या, वायरचा तुकडा, एक चप्पल आणि ओली रेती असं सगळं पीळ पडून बसलेलं असतं. आमच्या बारा वर्षांखालच्या संघातले दोघं एकदा अशाच साडीशी दहा मिनिटं झटत होते. ती निघाली तेव्हा दोघंही मागच्या मागे पडले आणि गोल मारल्यासारखे ओरडले.

मी मुलांना फुटबॉल शिकवतो आणि त्याच सकाळी त्यांच्याबरोबर किनारा साफ करतो. शाळेत पीटी घेणारे, मंडळाचा संघ चालवणारे, सुट्टीत गल्लीतल्या पोरांना गोळा करणारे अशा कुणालाही हे करता येईल. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा. सफाई खेळाच्या आत असली पाहिजे. सरावाआधी अर्धा तास भाषण, मग फोटो, मग फुटबॉल असं केलंत तर तिसऱ्या रविवारी मुलं अर्धा तास उशिरा यायला लागतील.

आधी गुणतक्ता

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण नैरोबीतलं आहे. माथारे ही तिथली मोठी, दाटीची वस्ती. १९८७ साली बॉब मन्रो या कॅनडाच्या गृहस्थांनी तिथे ‘माथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशन’ सुरू केली. वस्तीत गटारं तुंबलेली, कचऱ्याचे ढीग पडलेले, आणि पोरं प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने बांधून त्याचा बॉल करून खेळणारी. त्यांनी लीगचा नियमच असा केला की सामना जिंकला तर तीन गुण आणि ठरलेली सफाई पूर्ण केली तर सहा. नुसते सामने जिंकून कुणालाच वर राहता येईना. यामुळे खेळ कच्चा राहिला म्हणावं, तर तसंही नाही. त्याच संस्थेतून १९९४ मध्ये निघालेला माथारे युनायटेड क्लब २००८ मध्ये केनियाची प्रीमियर लीग जिंकला. माथारे नदी नैरोबी नदीला मिळते, ते पाणी अथी नदीत जातं, आणि अथी पुढे गलाना, साबाकी अशी नावं घेत मालिंदीजवळ हिंदी महासागरात उतरते. तिथल्या पोरांनी गटारातून उचललेली पिशवी आपल्याच महासागरात यायची थांबते.

तुमच्याकडे चार संघ असले तरी लीग होते. वीस-चोवीस मुलं, पाच-सहा जणांचे संघ, आठ रविवार. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाली तर एक, आणि सफाईचे जास्तीत जास्त तीन: संघातले सगळे वेळेवर हजर असले तर एक, वाटून दिलेला पट्टा पूर्ण झाला तर एक, कचरा नीट वेगळा केला तर एक. माथारेसारखे सहा गुण ठेवायलाही हरकत नाही, पण पहिल्या मोसमात पालकांना ते पटवणं जड जातं.

वजनावर गुण देऊ नका. ही चूक मी केली आहे. पहिल्या महिन्यात जास्त किलो आणणाऱ्या संघाला जास्त गुण होते. दुसऱ्याच रविवारी एका संघाने ओल्या जीन्स गोणीत कोंबल्या आणि वर चार मुठी रेती टाकली. बाटल्यांची बुचं आणि थर्माकोलचे मणी वेचत बसलेल्या धाकट्या संघाच्या पदरात शून्य पडलं. खरं तर त्यांचंच काम जास्त मोलाचं होतं, कारण मासे आणि कासवं गिळतात ते हेच बारीक तुकडे.

आता आम्ही चौकट वापरतो. चार काठ्या आणि सुतळीची एक मीटर बाय एक मीटरची चौकट. सफाई झाली की दुसऱ्या संघाचा कर्णधार पाठ करून ती पट्ट्यात तीन ठिकाणी फेकतो. चौकटीच्या आत बुचाएवढे किंवा त्याहून मोठे पाचपेक्षा जास्त तुकडे सापडले तर पट्ट्याचा गुण नाही. वाद झाला तर दोन कर्णधारांनी बसून मिटवायचा, मी मध्ये पडत नाही. रेफ्रीशी भांडणारी मुलं इथे स्वतः रेफ्री होतात, आणि त्याचा उपयोग पुढच्या सामन्यात लगेच दिसतो.

मुकादम आणि पालक

किनाऱ्यावर उतरण्याआधी दोन ठिकाणी जा. मुंबईत असाल तर पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या घनकचरा व्यवस्थापन खात्यात अर्ज द्या. माहीम, दादर आणि धारावी हे सगळं जी/उत्तर विभागात येतं. पण अर्जाइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्या पट्ट्याच्या चौकीवर जाऊन मुकादमाला भेटणं. गाडी किती वाजता, कुठल्या तोंडाशी लागते, भरलेल्या गोण्या कुठे ठेवायच्या, गाडी चुकली तर कुणाला फोन करायचा, हे त्यालाच माहीत असतं. गावात असाल तर ग्रामपंचायत. शेजारी कोळीवाडा असेल तर तिथल्या जाणत्या माणसांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. जाळी कुठे वाळत घालतात, होड्या कुठे ओढतात, ती जागा त्यांची असते. जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त आलं तर काय होतं, हे त्यांच्यातल्याच कुणी मुलांना सांगितलं तर तुमच्या दहा भाषणांची गरज उरत नाही.

पालकांच्या सभेत एक प्रश्न हमखास येतो, आणि तो टाळू नका. “आम्ही मुलाला फुटबॉलला पाठवलं, कचरा उचलायला नाही.” आपल्याकडे कचरा उचलणं हे काही ठरावीक लोकांचंच काम आहे असं पिढ्यानपिढ्या मानलं गेलं, ते त्या वाक्यामागे उभं असतं. कधी कधी त्याच सभेत मागच्या रांगेत सफाई कामगार असलेले वडीलही बसलेले असतात. म्हणून माझे तीन नियम आहेत आणि त्यांत सूट नाही. पहिली गोणी शिकवणाऱ्याने उचलायची. सफाई कधीही शिक्षा म्हणून द्यायची नाही. उशिरा आलास म्हणून दहा बाटल्या जास्त उचल, हे वाक्य मैदानावर येता कामा नये. आणि वस्तीतली मुलं गोण्या ओढतायत, इंग्रजी शाळेतली मुलं तक्ता भरतायत, असं दृश्य दिसलं तर तिथल्या तिथे संघ मोडून पुन्हा वाटायचे.

संमतीपत्र लेखी घ्या. त्यात धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं, दमा किंवा ॲलर्जी आहे का, फोटो काढलेले चालतील का, आणि घ्यायला कोण येणार, हे विचारा. मुलींच्या पालकांना पहिली काळजी स्वच्छतागृहाची असते. ते कुठे आहे, उघडं असतं का, हे आधी स्वतः जाऊन बघा. आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवं. तेवढी माणसं जमली नाहीत तर त्या दिवशी नुसता फुटबॉल घ्या.

तिथी बघून वेळ ठरवा

दर रविवारी साडेसहा, असं ठरवून किनाऱ्यावर चालत नाही. समुद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा भरतो. कोकणात चालत आलेला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. मुंबईत ती पाऊण-एक तास इकडे-तिकडे होते, म्हणून शेवटची खात्री अधिकृत भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच करा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी.

आता हे फुटबॉलला लावा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा रविवार सर्वांत चांगला. उधाणाची भरती दुपारी असते, त्यामुळे पहाटे पाणी खूप आत गेलेलं असतं आणि ओली, घट्ट रेती खेळायला मिळते. साडेसहाला सुरू करा, नऊला आटपा. पंचमीला पावणेचारची भरती, दहाची ओहोटी, तेव्हा आठला जमा. एकादशीचा रविवार मात्र सोडून द्या. भरती सकाळी सव्वाआठची आणि ओहोटी भर दुपारी. त्या दिवशी मैदानावर सराव घ्या किंवा नकाशा घेऊन बसा, त्याबद्दल पुढे सांगतो.

उधाणाचा धडा मी महागात शिकलो. एका अमावास्येच्या रविवारी गाडीची वेळ मीच चुकीची कळवली होती. चौदा गोण्या भरून रेतीवर ओळीने ठेवल्या आणि मुलांना घरी पाठवलं. दुपारी परत गेलो तेव्हा चार उरल्या होत्या. दहा गोण्या त्याच पाण्याने परत नेल्या. तेव्हापासून भरलेली गोणी भरतीच्या रेषेच्या वर, रस्त्याच्या कडेला ठेवल्याशिवाय सामना सुरू होत नाही.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, लाटा सगळ्यात जास्त कचरा बाहेर फेकतात आणि नेमकं तेव्हाच मुलांना किनाऱ्यावर न्यायचं नसतं. मोठी उधाणं, नाल्यांचं पाणी, लेप्टो या तापाची भीती, आणि वाळूवर आलेले निळ्या फुग्यासारखे, दंश करणारे ब्ल्यू बॉटल नावाचे जीव. हे चार महिने आपल्या गल्लीत काम करा.

सामान

फार लागत नाही. किराणा दुकानातून तांदळाच्या रिकाम्या गोण्या मागून आणा. कचरा गोळा करायला नव्या काळ्या पिशव्या विकत घेणं मला पटत नाही. हातमोजे बांधकामावर वापरतात तसले, तळव्याला रबर लावलेले, मुलांच्या मापाचे. पातळ, एकदा वापरून टाकायचे नकोत. काचेने लगेच फाटतात आणि कचऱ्यात भर. चार लांब चिमटे, दोन लोखंडी पंजे, एक चाळण, लटकता वजनकाटा, चौकट, जाड झाकणाचा एक डबा टोकदार वस्तूंसाठी, प्रथमोपचाराची पेटी. वीस लिटरचा पाण्याचा जार पिण्यासाठी, दुसरा हात धुण्यासाठी, साबण, आणि प्रत्येकाने घरून आणलेली बाटली.

मुलांना दोन जोड हवेत. सफाईला जाड तळव्याचे जुने बूट, खेळायला वेगळे. खरं बीच सॉकर अनवाणीच खेळतात: पाच-पाच जण, बारा-बारा मिनिटांचे तीन भाग, बॉलमध्ये हवा नेहमीपेक्षा कमी. २०२३ मध्ये सुरतला देशातली पहिली राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा झाली, तेव्हापासून आमच्याही मुलांना अनवाणी खेळायची घाई झाली आहे. पण माहीमच्या रेतीत पंजा फिरवला की अजूनही काच वर येते, त्यामुळे आम्ही बूट घालूनच खेळतो. ज्या पट्ट्यात सलग सहा रविवार एकही काच सापडणार नाही, तो अनवाणी खेळायला खुला करायचा, असं ठरलं आहे. मुलं काच शोधतात ती त्या आशेने.

सकाळ कशी जाते

दहा मिनिटं शरीर गरम करणं. त्यात उठाबशांसारखं गुडघ्यात वाकणं नक्की घ्या, कारण पुढचा अर्धा तास तेच करायचंय आणि कंबरेतून वाकणारा मुलगा सामन्यात पळू शकत नाही.

मग पंचवीस मिनिटं सफाई. बॉल तोपर्यंत जाळीत बांधलेला. काही ठिकाणी बॉल पायाने नेत नेत कचरा वेचण्याचे सराव घेतात. मला ते धोक्याचं वाटतं. मुलाची नजर बॉलवर असते आणि पाय काचेवर पडतो, शिवाय घाण हात बॉलला लागतात. फुटबॉल वेगळ्या मार्गाने आत आणता येतो. संघाला बचावफळीसारखं एका रेषेत उभं करा, दोघांत तीन-तीन मीटर अंतर. रेषा मोडायची नाही. उजवीकडचा थांबला तर सगळे थांबणार, आणि ते ओरडून सांगायचं: “थांब!”, “डावीकडे बघ!”, “माझा!” मान वर ठेवून दर पाच पावलांनी दोन्ही बाजूंना नजर टाकायची. बचावातल्या पोराला ऑफसाइडची रेषा धरायला मी फळ्यावर दोन महिने शिकवत होतो. ती तो इथे, गोणी हातात धरून शिकला.

आठ वर्षांखालच्यांना कचरा उचलायला लावू नका. ते मोजणीदार. तक्ता घेऊन बसतात, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी.

पुढची दहा मिनिटं वेगळं करण्याची. मुलांशी खोटं बोलू नका: समुद्रातून आलेलं बहुतेक प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं, रेतीने भरलेलं असतं आणि भंगारवाला ते घेत नाही. बाटल्या, कडक प्लास्टिक, पत्रा एवढं जातं. ते आम्ही किनाऱ्यावर वेचणाऱ्या माणसांसाठी बाजूला ठेवतो, कारण ती त्यांची कमाई आहे. बाकीचं पालिकेच्या गाडीत. जाळायचं नाही, पुरायचं नाही.

मग साबणाने कोपरापर्यंत हात, पाणी, बूट बदलणं. हात धुतल्याशिवाय बाटलीला हात लावला तर बाटली माझ्याकडे. त्यानंतर पाऊण तास सामने. फुटबॉल आधी घेऊन बघितला होता. खेळून दमलेली मुलं गोणीकडे बघतसुद्धा नाहीत. शेवटी पाच मिनिटं गोल करून बसायचं, मोजणीदाराने आकडे वाचायचे, कर्णधारांनी गुण सांगायचे.

हात लावायचा नाही

इंजेक्शनच्या सुया, फुटकी काच, सॅनिटरी पॅड, डायपर, औषधं, झाकण लावलेली कुठलीही भरलेली बाटली, मेलेलं जनावर. हे दिसलं की हात वर करून जागीच उभं राहायचं, मोठं माणूस येईल. वाळूत रुतलेलं मोठं जाळं मुलांनी ओढायचं नाही. पाण्याकडे पाठ करायची नाही आणि घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. कांदळवनात मुलांना न्यायचं नाही. ब्ल्यू बॉटलचा दंश झाला तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि दवाखान्यात न्या. ज्याला जखम आहे तो त्या दिवशी मोजणीदार.

काही गोष्टी कचरा नसतात, हेही शिकवावं लागतं. शिंपले, शेवाळ, मर्यादवेल तिथेच राहू द्या. मर्यादवेल वाळू धरून ठेवते. खेकड्यांच्या बिळांवर पंजा फिरवू नका. गणपतीनंतर निर्माल्य आणि मूर्तींचे भाग येतात. ते काम मोठ्यांनी, पालिकेच्या माणसांबरोबर करायचं. आमची मुलं त्या दिवशी आधी नमस्कार करतात, मग बाजूचं प्लास्टिक वेचतात. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते एप्रिल वनखात्याला विचारल्याशिवाय ना सफाई ना फुटबॉल.

मोजणी आणि मिठी

तक्त्यात दहाच रकाने ठेवा: बाटल्या, बुचं, पुड्या व वेष्टनं, पिशव्या, चिंध्या, चपला-बूट, थर्माकोल, दोर-जाळी, सिगारेटची थोटकं, इतर. थोटकाचा फिल्टर कापसाचा वाटतो, पण तो सेल्युलोज ॲसिटेट नावाचं प्लास्टिकच असतो. शेजारी तिथी लिहा. दोन महिन्यांत मुलांच्या स्वतःच लक्षात येतं की उधाणानंतरच्या रविवारी गोण्या जास्त भरतात.

मग एकादशीच्या रविवारी नकाशा उघडा. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या ओसंडलेल्या पाण्यातून निघते, मरोळ, साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असं करत सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत येते. प्रत्येकाने आपलं घर नकाशावर शोधायचं आणि घराजवळच्या नाल्यापासून बोट फिरवत खाडीपर्यंत यायचं. आमच्या संघातल्या एका मुलीचं बोट कुर्ल्याहून निघून थेट आमच्या गोलपोस्टपाशी थांबलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “दादा, म्हणजे त्या पुड्या आमच्याकडच्या?”

तिथून प्रत्येक संघाने एकच वस्तू निवडायची आणि ती आपल्या घराच्या, शाळेच्या शंभर पावलांत कमी करून दाखवायची. वडापावच्या गाडीवाल्याला विनंती, शाळेच्या कँटीनला पत्र, इमारतीच्या नोटीस बोर्डावर मुलांच्या हातचा तक्ता. किनारा साफ करणं लांबतच जातं. मुंबईतले वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सफाईला सुरुवात केली, माणसं आठवड्यामागून आठवडे येत राहिली, आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. मुलांना हे सांगा, पण अडीच वर्षं लागली हेही सांगा.

आपल्याच खेळाचा कचरा

गल्लीतल्या कुठल्याही स्पर्धेच्या संध्याकाळी मैदान बघा: पाण्याचे पाउच, ग्लास, फ्लेक्स, फुगे. प्लास्टिकचे ग्लास, चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि तरी ते आपल्याच स्पर्धेत येतात. जार आणि स्टीलचे पेले ठेवा, बॅनर कापडी करा आणि त्यावर वर्ष लिहू नका, म्हणजे पुढच्या वेळी चालेल.

टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, खेळत असाल तर बुटात येणारे काळे रबरी दाणे हेही सूक्ष्म प्लास्टिकच आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये असे दाणे विकणं आठ वर्षांत बंद करण्याचा नियम केला. आपल्याकडे निदान एवढं करता येतं: टर्फच्या दाराशीच बूट आणि मोजे झटकायचे, बाथरूमच्या मोरीत नाही. मोरीतून ते नाल्यात जातात.

समुद्र लांब असेल तर

कोल्हापूरच्या तालमींच्या पोरांना फुटबॉल शिकवायला नको. तिथली पंचगंगा कृष्णेला मिळते, पुण्याची मुळा-मुठा भीमेतून कृष्णेलाच, नागपूरची नाग नदी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता असं करत गोदावरीत. तिन्हींचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. तुमचा किनारा म्हणजे घाट आणि ओढ्याकाठचं मैदान. पद्धत तीच, फक्त तिथीऐवजी धरणातून पाणी कधी सोडणार याची चौकशी करा, आणि मुलांना नदीच्या पात्रात उतरवू नका.

पहिल्या रविवारी आठच मुलं आली तरी दोन संघ होतात. चौकट आदल्या रात्री बांधून ठेवा, मुकादमाला शनिवारी संध्याकाळी पुन्हा एक फोन करा, आणि वेळ ग्रुपवर टाकताना पंचांग उघडून बघा.